रंग कधी काढणार?

आई आमच्या नव्या घरी राहायला आली त्या दिवसाची गोष्ट. टेम्पोतून सामान वर चढवून झाले होते, चहा झाला होता. सगळ्या खोल्यांतून एक फेरी मारून ती सोफ्यावर टेकली आणि भिंतींकडे पाहत अगदी सहज म्हणाली, "घर छान आहे रे. मोठं आहे. पण रंग कधी काढणार?"

स्वयंपाकघरातला कपबशांचा आवाज एकदम थांबला. रंग काढून तीन आठवडे झाले होते. शेडकार्डे घरी आणून, भिंतीवर हातभर चौकोन रंगवून, ते सकाळ-संध्याकाळ न्याहाळून बायकोने तो राखाडी रंग निवडला होता.

आईचे काही चुकले नव्हते. तिच्या लेखी राखाडी भिंत म्हणजे गिलावा झालेली, पण पैसे संपल्यामुळे तशीच राहिलेली भिंत. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात अशी कितीतरी घरे होती. बांधकाम झाले, तेवढ्यात मुलीचे लग्न निघाले, रंग राहिला. तो पुढे दहा दहा वर्षे राहिला. रंग निघाला की मगच घर पुरे झाले असे लोक मानत. आमच्या जुन्या घराच्या भिंतींना चुन्यात नीळ कालवून दिलेला हात असे आणि खाली कमरेएवढा गेरूचा पट्टा. दर दिवाळीआधी आई स्वतः तो गेरू कालवायची.

आणि बायकोचेही चुकले नव्हते. ती गिरगावातल्या चाळीत वाढली. दोन खोल्या, सात माणसे, एका खोलीला गुलाबी डिस्टेंपर आणि दुसरीला पोपटी, त्यावर कपड्यांच्या दोऱ्या, डब्यांची फळी, तीन दुकानांची तीन कॅलेंडरे. "मला असं एक घर हवं होतं, जिथे डोळ्यांना जरा गप्प बसता येईल," ती मला रात्री म्हणाली. दोघींच्या मध्ये मी, आणि माझ्या मागे वीस वर्षांचे कर्ज. पुन्हा रंग काढण्याचा प्रश्नच नव्हता.

हा प्रसंग आमच्या एकट्याच्या घरचा नाही. गेल्या दहा-पंधरा वर्षांत राखाडी रंग आपल्या घरांत फार झपाट्याने शिरला. त्याआधी तो असायचा सरकारी कचेरीतल्या लोखंडी कपाटांना. आता नव्या इमारतीतला नमुना फ्लॅट पाहायला जा, भिंत राखाडी, फरशी राखाडी, पडदेही राखाडी. फोटोत हे सारे सुरेख दिसते. राहायला गेल्यावर चार दिवसांनी वाटू लागते की आपण कुणाची तरी वाट पाहत बसलो आहोत. भाड्याच्या घरात तर भिंतीला हात लावायची परवानगीही नसते. अशा वेळी भिंत तशीच ठेवून घरात ऊब कशी आणायची, हा खरा प्रश्न.

मला आधी वाटले, सोपे आहे. रंग नाही ना, मग रंग आणू. एका रविवारी जाऊन सोफ्याला भडक लाल खोळी आणि त्याच रंगाच्या उशा घेऊन आलो. संध्याकाळी मुलगी कॉलेजातून आली आणि दारातच थबकली. "बाबा, भिंत हिरवी का दिसतेय?" मी हसलो, पण मग नीट पाहिले. भिंत खरोखरच किंचित हिरवट, आजारी वाटत होती.

यामागे दोनशे वर्षांपूर्वीची एक गंमत आहे. पॅरिसच्या गोब्लँ या प्रसिद्ध विणकाम कारखान्यात मिशेल शेव्हरल नावाचे रसायनशास्त्रज्ञ रंगाई विभागाचे प्रमुख होते. काळा धागा नीट रंगत नाही, तो फिका पडतो, अशी तक्रार त्यांच्याकडे आली. त्यांनी धागा तपासला तर तो उत्तम होता. दोष रंगाईत नव्हताच. काळ्याच्या शेजारी जे निळे-जांभळे धागे विणले होते, त्यांच्यामुळे तो मलूल दिसत होता. त्यातून त्यांनी रंगांच्या शेजारधर्माचा अभ्यास केला आणि १८३९ साली त्यावर मोठा ग्रंथ लिहिला. सार असे, की प्रत्येक रंग आपल्या शेजाऱ्याला स्वतःच्या विरुद्ध दिशेला ढकलतो. लालाच्या शेजारचा राखाडी हिरवट दिसतो, पिवळ्याच्या शेजारचा निळसर-जांभळट. राखाडीला स्वतःचा रंग जवळजवळ नसल्यामुळे तो बिचारा सर्वांत आधी ढकलला जातो. शेजारचा रंग जितका भडक, तितका हा परिणाम जास्त. म्हणून विटेचा तांबडा, हळदीचा पिवळा, गेरू, काथ्याचा तपकिरी असे मातीकडे झुकणारे रंग राखाडी भिंतीपाशी सुखाने नांदतात. आमच्या लाल खोळी बदलून आणल्या. दुकानदार कुरकुरला.

मुळात आपली भिंत कोणत्या जातीची राखाडी आहे, हेही आधी पाहायला हवे. एक कोरा पांढरा कागद दिवसाउजेडी भिंतीला लावून धरा. लगेच कळते, की तुमचा राखाडी निळ्याकडे झुकतो, हिरव्याकडे, जांभळ्याकडे की मातकट आहे. आपल्या भाषेला हे भेद ठाऊक होतेच. पारवा वेगळा, करडा वेगळा, भस्मी वेगळा. आमची भिंत निघाली निळसर, त्यात हॉलची खिडकी उत्तरेला. उत्तरेच्या खिडकीतून वर्षातले बहुतेक दिवस थेट ऊन येत नाही, नुसता आकाशाचा उजेड येतो, आणि तो निळसरच असतो. म्हणजे थंडीत थंडी.

पण दिवसाचे एक वेळ सोडून द्या. नोकरदार माणसे घरी असतात ती संध्याकाळी आणि रात्री. तेव्हा भिंतीचा रंग ठरवतो तो दिवा. आणि खरे सांगायचे तर, घरातली निम्मी उदासी भिंतीमुळे नसते, दिव्यांमुळे असते.

एलईडी दिव्याचे खोके हातात घेऊन पाहा. त्यावर वॅटखेरीज आणखी एक आकडा असतो आणि त्यापुढे केल्विनचे 'के' हे अक्षर. ६५०० असेल तर तो प्रकाश निळसर पांढरा, ज्याला दुकानात 'कूल डे लाइट' म्हणतात. २७०० किंवा ३००० असेल तर पिवळसर, 'वॉर्म व्हाइट'. जुना तारेचा साठचा बल्ब साधारण २७०० चाच होता. समईची ज्योत त्याच्याही खाली. म्हणजे नाव 'तापमान', पण आकडा जितका मोठा तितका उजेड थंड! आपल्याकडे ट्यूबलाइट आली तेव्हापासून पांढरा उजेड म्हणजे चांगला उजेड, पिवळा म्हणजे गरिबाचा, अशी एक समजूत बसली आहे. पांढऱ्या किंवा पिवळ्या भिंतींत ती खपून गेली. राखाडी भिंतीवर मात तोच ६५०० चा उजेड पडला, की हॉलची रुग्णालयातली प्रतीक्षागृहे होतात.

आम्ही हॉलमधले दिवे बदलले. नवे दिवे त्याच किमतीत मिळाले. त्याच भिंती रात्री आठ वाजता पारव्याच्या पिसासारख्या दिसू लागल्या. बायको मुकाट्याने सगळ्या खोल्यांत फिरून आली आणि म्हणाली, "हाच रंग मी कार्डावर पाहिला होता."

दोन गोष्टी मात्र चुकत चुकत शिकलो. एकाच खोलीत पिवळा आणि पांढरा असे दोन्ही दिवे एका वेळी लावू नयेत. दोन्ही मळके दिसतात. आणि राखाडी भिंत पांढऱ्या भिंतीपेक्षा उजेड जास्त गिळते, म्हणून छताला आणखी दिवे ठोकण्यापेक्षा खाली, माणसाच्या उंचीला दिवे हवेत. कोपऱ्यात एक उभा दिवा, टीव्हीच्या मागे एक, आणि भिंतीवर उजेड सांडणारा एखादा. शक्य तर खोक्यावर 'सीआरआय' हा शब्दही शोधा. तो ९० च्या आसपास असेल तर रंग खरे दिसतात; स्वस्त दिव्यांत लाल रंगच आधी मरतो, कुंकू विटकरी दिसते.

पिवळ्या दिव्यांचा एक तोटा आईमुळे कळला. तिसऱ्या दिवशी ती पेपर घेऊन गॅलरीत जाऊन बसली. वयाबरोबर डोळ्याची बाहुली लहान होते, आतले भिंग पिवळसर होते. म्हाताऱ्या माणसाला वाचायला तरुणापेक्षा कितीतरी जास्त उजेड लागतो. आपण ऊब आणण्याच्या नादात अंधार केला होता. तिच्या खुर्चीशेजारी वाकणाऱ्या मानेचा, भरपूर उजेडाचा दिवा आला तेव्हा ती आत आली.

आता ऐकण्याची गोष्ट. रिकाम्या हॉलमध्ये उभे राहून एक टाळी वाजवून पाहा. काच, गुळगुळीत फरशी आणि उघड्या भिंती असल्या, की टाळी क्षणभर खोलीत फिरते. घर थंड वाटते त्यात या घुमण्याचाही वाटा असतो. देशातल्या सर्वांत प्रसिद्ध राखाडी इमारतींपैकी एक, चंदीगडचे उच्च न्यायालय, १९५५ साली सुरू झाले. ल कॉर्ब्युझिएने ते उघड्या काँक्रीटमध्ये उभारले. तिथल्या न्यायदालनांत आवाज घुमू नये म्हणून त्याने भिंतींवर टांगायला प्रचंड मोठी लोकरी वस्त्रे स्वतः रेखाटली आणि ती काश्मिरात विणून घेतली. लाल, पिवळे, हिरवे, काळे आकार असलेली. पुढे प्रवेशद्वाराच्या उंच खांबांनाही त्याने भडक रंग दिले. काँक्रीटवर जीव असलेल्या या माणसालाही भिंतीला कापडाची सोबत लागलीच.

आपल्याला काश्मीरला जायला नको. सोलापूरची चादर आहे, दोन्ही बाजूंनी वेगळी दिसणारी. गुळेदगुड्डचा खण आहे; जुन्या खणांचे तुकडे जोडून उशांचे अभ्रे फार देखणे होतात. जाड सतरंजी अंथरली, की पायाला फरशीचा गारवा लागत नाही आणि टाळीही फिरत नाही.

आमच्या घरातले कापड मात्र आधीच घरात होते, आम्हालाच ठाऊक नव्हते. थंडी पडू लागली तेव्हा आईच्या कपाटातून पांघरूण काढायला गेलो, तर तळाशी, जुन्या चादरीत गुंडाळलेली तिची गोधडी होती. आजीची दोन लुगडी, आईच्या लग्नातली एक साडी आणि आत वडिलांची धोतरे. हिरवे, तपकिरी, विटलेले डाळिंबी तुकडे, आणि सगळ्यावरून पांढरा हातटाका. वडील जाऊन तेव्हा वर्ष व्हायचे होते. मी म्हटले, "अगं, ही आत का ठेवलीस?" ती म्हणाली, "तुमच्या या घरात कुठे शोभते ती?"

हे वाक्य मला भिंतीच्या रंगापेक्षा जास्त लागले. सहा महिने ती या घरात आपल्या वस्तू लपवून पाहुण्यासारखी राहत होती.

गोधडी बायकोने बाहेर काढली, मी नाही. तिने ती गॅलरीत उन्हात टाकली, झटकली आणि सोफ्याच्या पाठीवर अंथरली. राखाडी भिंतीपुढे ती अशी दिसली, की पावसाळ्यात आमच्या गावाकडच्या काळ्या कातळावर तेरडा फुलतो त्याची आठवण झाली. तेरडा हिरव्या गवतातही असतो, पण लक्ष जाते ते कातळावरच्या तेरड्याकडे. राखाडीचा हा गुण मात्र मान्य करायला हवा. तो स्वतः बोलत नाही, दुसऱ्याला बोलू देतो. आमची पोपटी-गुलाबी चाळ गोधडीला बोलू देती ना.

मग आईची ट्रंकच उघडली. पुण्याच्या तांबट आळीत घेतलेला, मठारकाम केलेला तांब्याचा हंडा निघाला. चिंचेने घासून तो दिव्याजवळ ठेवला. तांबे प्रकाशातला निळा भाग गिळते आणि लालसर परत टाकते, त्यामुळे मागच्या भिंतीवर संध्याकाळी एक उबदार डाग पडतो. मनीप्लांटच्या कुंड्या मुलीने आणल्या. लाकडाचा पाट, जो कुणी बसायला वापरत नव्हते, त्यावर फोन ठेवायची जागा झाली. बाजारातून आणले ते फक्त दिवे आणि सतरंजी.

एक भिंत मात्र आम्ही रंगवली. आईच्या खोलीतली, देव्हाऱ्यामागची. एक लिटरच्या डब्यात दोन हात देऊन दहा फूट बाय दहा फुटांची भिंत भागते, त्यामुळे खर्च फारसा नव्हता. रंग गेरूच्या जवळचा. शेडकार्ड दोघींनी मिळून पाहिले आणि तासभर वाद घातला. आईला आणखी तांबडा हवा होता. बायको म्हणाली, "आई, भिंत हिरवी दिसेल," आणि तिला शेव्हरलसाहेबांची गोष्ट सांगितली. आईला ती पटली असे वाटत नाही, पण तिने ऐकून घेतले.

परवा खालच्या मजल्यावरच्या बाई हळदीकुंकवाला आल्या होत्या. हॉलमध्ये बसल्यावर म्हणाल्या, "बरं वाटतं हो तुमच्याकडे. कुठला रंग दिलाय?" आईने बायकोकडे बोट दाखवले. "हिला विचारा. सिमेंटचा आहे म्हणते."

आता वाद उरला आहे तो कॅलेंडरचा. आईला ते हॉलमध्ये, समोरच्या भिंतीवर, खिळा ठोकून हवे आहे. तिथी उठल्या उठल्या दिसली पाहिजे म्हणते. सध्या ते फ्रिजच्या बाजूला चुंबकाने लावले आहे, आणि रोज सकाळी ती चष्मा शोधत तिथपर्यंत जाते. खिळा कुठे ठोकायचा, हे अजून ठरायचे आहे.