शेवट ठाऊक असलेली कादंबरी

वर्षभरात वाचलेल्यातून आवडत्या कादंबऱ्या निवडायच्या, तर किती वाचल्या यापेक्षा कुठली पुन्हा उघडावीशी वाटली, हे विचारावं. आळंदीला हा निकष नवा नाही. जोग महाराजांनी 1917 साली स्थापन केलेली वारकरी शिक्षण संस्था इथलीच, आणि ज्ञानेश्वरीची पारायणं तर घरोघर होतात. यावर कुणी म्हणेल, पोथीचं ठीक. कथानक कळल्यावर कादंबरीत उरतं काय? गो. नी. दांडेकरांची ‘मोगरा फुलला’ घ्या. ज्ञानदेवांनी 1296 साली आळंदीत समाधी घेतली, हे पहिलं पान उलटण्याआधीच मराठी वाचकाला ठाऊक असतं. तरी तो वाचतो, कारण ज्ञानदेव आणि त्यांच्या भावंडांचं पोरकेपण त्याला जवळून पाहायचं असतं.

व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त तर रहस्य असं नाहीच. तरुण मास्तर धनगरांच्या वाडीत येतो, शाळा चालवतो, तालीम उभी करतो. मग दुष्काळ पडतो आणि वाडी ओस पडते. पहिल्या वाचनात मास्तरची खटपट मनात भरते. दुसऱ्यांदा मात्र तालमीसाठी राबणाऱ्या प्रत्येक माणसाकडे पाहताना पोटात कालवतं, कारण ही वाडी उठणार हे आपल्याला माहीत असतं. चाकण-भोसरीच्या कारखान्यांत पाळ्या करणाऱ्याला दोनदा वाचायला सवड कुठली, हा आक्षेप खरा आहे. पण ‘बनगरवाडी’ किंवा विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ आकारानं लहान आहे. दहा नव्या पुस्तकांऐवजी या दोन दोनदा वाचणं त्याला सहज जमेल.