देवाची करणी की क्लबची?

वस्तीत काही अघटित घडले की एक वाक्य हमखास कानावर येते, ‘देवाची करणी, माणूस काय करणार?’ धम्म स्वीकारून आपल्या दोन-तीन पिढ्या झाल्या, तरी हे वाक्य आपल्या घरातून पुरते गेलेले नाही. तथागतांनी सांगितलेला कार्यकारणभाव आपण विहारात ऐकतो आणि उंबरठ्यापाशी विसरतो. म्हणून आज एका धरणाची हकिकत सांगतो. हकिकत अमेरिकेतील आहे, पण वाचकांना ती परकी वाटणार नाही.

पेनसिल्व्हानिया राज्यात जॉन्सटाऊन नावाचे पोलादाचे गाव आहे. 1889 साली तेथे आणि आसपास सुमारे तीस हजार लोक राहत. बहुतेक कारखान्यात राबणारे. वेल्स, जर्मनी, आयर्लंड अशा देशांतून पोटासाठी आलेले. गावाच्या वर 14 मैलांवर डोंगरात साऊथ फोर्कचे मातीचे धरण होते. उंची 72 फूट, लांबी सुमारे 930 फूट. मुळात ते सरकारने कालव्याला पाणी पुरवण्यासाठी बांधले होते. रेल्वे आली, कालवा निकामी झाला आणि धरण विकले गेले.

येथून पुढचा जमाखर्च पाहण्यासारखा आहे. हिशेबाच्या वह्या तपासण्यात माझी उमेद गेली, म्हणून मला तो जास्त टोचतो. 1875 साली एका गृहस्थाने ते धरण 2,500 डॉलरला घेतले आणि चार वर्षांनी 2,000 डॉलरला विकले. व्यवहारात खोट आली. पण विकण्यापूर्वी धरणाच्या तळाशी असलेले पाणी सोडण्याचे पाच लोखंडी नळ काढून त्याने भंगारात घातले होते. हे नळ म्हणजे धरणाची नाडी. पाणी वाढले तर तेथूनच सोडायचे आणि दुरुस्ती करायची तर तळे तेथूनच रिकामे करायचे. ते पुन्हा कधी बसवले गेले नाहीत.

नवा मालक होता श्रीमंतांचा एक शिकार व मासेमारी क्लब. पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी, कोळशाच्या धंद्यातील हेन्री फ्रिक, बँकवाले मेलन हे त्याचे सभासद. उन्हाळ्यात येऊन नौकाविहार करायचा, गळ टाकायचा, एवढाच धरणाचा उपयोग. दुरुस्ती झाली ती माती, झाडोरा, गवत आणि शेणखत भरून. माथ्यावरून घोडागाडी नीट जावी म्हणून धरणाचा माथा दोन-तीन फूट छाटून रुंद केला. मोठे मासे वाहून जाऊ नयेत म्हणून सांडव्याच्या तोंडाशी जाळ्या बसवल्या. तळे त्यांचे, मासे त्यांचे. धोका मात्र खालच्यांचा.

कोणी बोलले नाही असे नाही. गावच्या पोलाद कारखान्याचे प्रमुख डॅनियल मॉरेल यांनी 1880 साली आपला इंजिनीअर पाठवून धरणाची पाहणी करवली. पाणी सोडण्याची सोय नाही, भरावाची दुरुस्ती धड नाही, असा स्पष्ट अहवाल आला. मॉरेल यांनी खर्चाचा काही भाग सोसण्याचीही तयारी दाखवली. तुमच्या लोकांना आमच्यापासून धोका नाही, अशा अर्थाचे उत्तर क्लबने धाडले आणि कागद फायलीत गेला. पुढे 1885 साली मॉरेल वारले. लोकांना तर दर पावसाळी ‘धरण फुटणार’ ही आवई ऐकण्याची सवयच झाली होती.

31 मे 1889. रात्रभर प्रचंड पाऊस. सकाळी तळे माथ्याला टेकू लागले. क्लबच्या अध्यक्षाने मजूर लावून माथ्यावर मातीचा बांध घालायला आणि बाजूला चर खणायला सुरुवात केली. मजूर भर पावसात खणत होते. वर्षानुवर्षे राहिलेले काम एका सकाळी त्यांच्याकडून उरकायचे होते! जाळ्यांत ओंडके, पाला अडकून सांडवा तुंबला होता. क्लबचा तरुण इंजिनीअर घोड्यावरून खालच्या गावी इशारा देण्यासाठी धावला. तारा गेल्या, पण फारशा कोणी मनावर घेतल्या नाहीत. दुपारी तीननंतर धरण गेले आणि तासाभरात पाणी जॉन्सटाऊनवर आदळले. घरे, रेल्वेचे डबे, झाडे घेऊन आलेला तो ढिगारा दगडी पुलापाशी अडकला आणि पेटला. पाण्यातून वाचलेले कित्येक तेथे जळाले.

मृतांचा आकडा 2,209. त्यात 99 कुटुंबे संपूर्ण गेली. 777 जणांची ओळखच पटली नाही. त्यांच्यासाठी दफनभूमीत नाव नसलेल्या पांढऱ्या शिळा उभ्या आहेत.

क्लबवर दावे झाले. क्लबची बाजू मांडणारे वकील क्लबचेच सभासद! शेवटी ती देवाची करणी ठरली आणि कोणालाही क्लबकडून नुकसानभरपाई मिळाली नाही. क्लबने मदत म्हणून एक हजार ब्लँकेटे पाठवली. कार्नेगी यांनी पुढे गावाला ग्रंथालय बांधून दिले, हेही नमूद केले पाहिजे. इंजिनीअर मंडळींच्या समितीने 1891 साली अहवाल दिला की मूळचे धरण असते तरीही फुटलेच असते. म्हणजे तेथेही दोष पावसाचा. 2016 साली संशोधकांनी पुन्हा गणित मांडले, तेव्हा दिसले की माथा छाटल्यामुळे धरणाची जादा पाणी सुरक्षितपणे सोडण्याची ताकद जवळजवळ निम्मी झाली होती. देवाने माथा छाटला नव्हता.

आपल्याकडे 2021 साली धरण सुरक्षा कायदा झाला. तो खाजगी मालकालाही लागू आहे, ही चांगली गोष्ट. पण तो 15 मीटरहून उंच धरणांसाठी आहे. 10 ते 15 मीटरमध्ये लांबी, साठा वगैरेच्या अटी आहेत. त्याहून लहान बंधारे त्या कायद्याच्या कक्षेत येत नाहीत. एखाद्या रिसॉर्टवाल्याने किंवा फार्महाऊसवाल्याने ओढा अडवून होड्यांसाठी केलेले तळे बहुधा असेच लहान असते आणि ओढ्याच्या खालच्या अंगाला वस्ती कोणाची असते, हे मी सांगायला नको.

तुमच्या गावाच्या वर असे तळे असेल तर पावसाळ्यापूर्वी जाऊन पाहा. सांडवा मोकळा आहे का? भिंतीच्या पायथ्याशी गढूळ पाणी पाझरते का? भिंतीवर झाडे वाढली आहेत का? पाणी सोडण्याची चावी कोणाकडे असते आणि तो माणूस रात्री कोठे राहतो? हे प्रश्न ग्रामपंचायतीत आणि तहसील कार्यालयात लेखी द्या. तोंडी नको. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या आणि ती प्रत घरात जपून ठेवा.