लसणाच्या पोत्यापासून पीएच.डी.च्या आराखड्यापर्यंत

गेल्या पावसाळ्यात माझी भाची भर दुपारी कळमन्याहून भिजत घरी आली. हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली फाईल. सलाम-दुआ झाली, चहा झाला, तरी ती फाईल उघडेना. शेवटी मीच ओढून घेतली. आत तिचा पीएच.डी.चा संशोधन आराखडा होता, ज्याला मुले ‘सिनॉप्सिस’ म्हणतात. वर लाल शाईत एकच शेरा : विषय व्यापक, पुनर्विचार करावा.

“खाला, अब्बा म्हणतात आणखी एकदा प्रयत्न कर. दुसऱ्यांदाही परत आला तर मग रिश्त्याचे बघू.”

तिचे वडील कळमना बाजारात मापारी आहेत. धान्य, मिरची, आलू-कांदा, संत्री असा सगळा विदर्भ जिथे उतरतो, त्या बाजारात आयुष्यभर वजन करीत आलेला माणूस. मुलीला एम.ए.पर्यंत त्यांनीच शिकवले. आमची ताई घरी बसून लसूण सोलते. बाजारातून पोते येते, सोललेला माल परत जातो. हंगामात मिरचीचे देठ खुडण्याचे कामही असते. या घरातली पहिली मुलगी प्रवेश परीक्षा पास होऊन समितीपुढे उभी राहिली होती आणि पहिल्या दहा मिनिटांत बाहेर आली होती.

शीर्षक होते : ‘मुस्लिम महिलांची सामाजिक व आर्थिक स्थिती : एक समाजशास्त्रीय अभ्यास’.

मी हसले नाही, कारण माझा स्वतःचा पहिला आराखडा याहून वाईट होता. मी तर दुसऱ्याच्या प्रबंधातली उद्दिष्टे उचलून जिल्ह्याचे नाव तेवढे बदलले होते. त्या काळी ते खपून गेले. आज खपत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे प्रबंधातला मजकूर दुसरीकडच्या मजकुराशी दहा टक्क्यांपर्यंत जुळला तर चालते. त्यापुढे चाळीस टक्क्यांपर्यंत तो सुधारून पुन्हा द्यावा लागतो आणि साठ टक्क्यांच्या वर गेला तर नोंदणीच रद्द होते. तपासणी संगणक करतो, त्याला ‘जाऊ द्या, आपलीच मुलगी आहे’ हे समजत नाही.

तर शीर्षक. मी तिला विचारले, “मुस्लिम महिला म्हणजे कोणत्या? मोमीनपुऱ्यातली डॉक्टर की तुझी अम्मी? गावातली की शहरातली? आणि स्थिती म्हणजे काय, उत्पन्न, शिक्षण, आरोग्य, की सासरी मिळणारी वागणूक?” ती गप्प. एवढ्या मोठ्या विषयावर तीन जन्म संशोधन करता येईल, तीन वर्षांत नाही. विषय मोठा निवडला की आपण मोठे दिसतो, असे पोरांना वाटते. होते उलटेच. समितीतल्या माणसांना तीस वर्षांचा अनुभव असतो. मोठे शीर्षक दिसले की या मुलाने अजून विचार केलेला नाही, हे ते पहिल्या ओळीतच ओळखतात.

डॉ. यू. म. पठाण यांचे नाव आपल्या घरांत ठाऊक असते. १९९० मध्ये पुण्याला झालेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. त्यांच्या एका ग्रंथाचे नाव आहे ‘मराठी बखरींतील फार्सीचे स्वरूप’. चारच शब्द. कोणत्या लेखनात शोधायचे, बखरींत. काय शोधायचे, फार्सी. तिच्याबद्दल काय विचारायचे, तिचे स्वरूप. ‘मराठीवर मुस्लिमांचा प्रभाव’ असे नाव त्यांना सहज देता आले असते. मग हातात काय उरले असते?

मी भाचीला म्हटले, शीर्षक बाजूला ठेव. आधी एक प्रश्न सांग, ज्याचे उत्तर आज तुला ठाऊक नाही. तिने आठ दिवस घेतले. मग तिने जे केले त्याला शास्त्रात पूर्वचाचणी म्हणतात, पण तिला तेव्हा ते नाव ठाऊक नव्हते. वस्तीतल्या पाच घरी जाऊन तिने जुन्या प्रश्नावलीतला पहिला प्रश्न विचारला : “तुम्ही काही काम करता का?” पाचपैकी चौघींनी उत्तर दिले, “नाही गं, घरीच असते.” चौघींच्याही पुढ्यात लसणाची पाटी होती. उत्तर देताना बोटे थांबली नव्हती.

ती रात्री फोनवर हे सांगत होती आणि मी म्हटले, बस, इथेच थांब, हा तुझा विषय आहे. जी बाई दिवसाचे सहा तास सोलते ती स्वतःलाच कामगार म्हणत नाही, मग सरकारी मोजणीत ती कामगार म्हणून येईल कुठून? मापाड्याची, हमालाची, अडत्याची बाजारात नोंद असते. बाजार समित्यांचा कायदा १९६३ चा आहे, माथाडी आणि हमालांचा १९६९ चा. पोते बाजाराच्या फाटकातून बाहेर पडून घरात आले की त्यावर काम करणारी बाई कोणाच्या वहीत असते? हा प्रश्न झाला. नवे शीर्षक असे बेतले : ‘कळमना बाजाराशी निगडित घरगुती काम करणाऱ्या मुस्लिम स्त्रिया : वेळ, मोबदला आणि नोंद’.

यानंतरचे काम कंटाळवाणे असते, पण तिथेच पोरे मागे पडतात. आधी कोणी काय लिहिले आहे ते वाचायचे. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचे ‘शोधगंगा’ हे भांडार इंटरनेटवर फुकट आहे. देशभरच्या विद्यापीठांतले प्रबंध तिथे आहेत. ‘शोधगंगोत्री’वर मंजूर झालेले आराखडेही सापडतात. ते जरूर वाचा, नक्कल करण्यासाठी नाही, तर आपल्या विषयाला कोणी आधी हात लावला आहे का ते पाहण्यासाठी. भाचीने २००६ चा सच्चर समितीचा अहवाल वाचला, महाराष्ट्र सरकारच्या महमूदुर रहमान समितीचा २०१३ चा वाचला. घरबसल्या काम करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ मध्ये १७७ क्रमांकाचा करार केला आणि भारताने त्याला मान्यता दिलेली नाही, हे तिला तिथपर्यंत कोणी सांगितलेच नव्हते. वाचताना मी तिला एक वही घालायला लावली. प्रत्येक पुस्तकासाठी दोनच ओळी : याने काय सांगितले, आणि माझ्या प्रश्नाबद्दल काय सांगितले नाही. आराखड्यातला ‘पूर्वसंशोधनाचा आढावा’ या दुसऱ्या ओळींतून तयार होतो. नुसत्या पुस्तकांच्या नावांची माळ म्हणजे आढावा नाही.

गृहीतकावर आमचे भांडण झाले. तिने लिहिले होते, ‘मुस्लिम महिला आर्थिकदृष्ट्या मागासलेल्या आहेत.’ मी विचारले, समजा तुला उलटे आढळले, तर? म्हणाली, उलटे कसे आढळेल? ज्याचे उत्तर आधीच ठरले आहे ते तपासायला सहा वर्षे कशाला घालवायची? गृहीतक असे हवे की जे चुकू शकेल. आणि आपल्याविषयी लोक जे वाक्य न तपासता वापरतात, तेच आपल्या लेकीने न तपासता लिहावे, हे मला तरी खटकले. शेवटी तिने मांडले : एकाच प्रकारच्या कामाचा मोबदला घरी करणारीला बाजारात बसून करणारीपेक्षा कमी मिळतो. हे खरेही निघू शकते, खोटेही. दोन्ही बाजूंनी आपण काही शिकू.

मग माहिती गोळा कशी करणार? वडील उत्साहाने म्हणाले, शेठजींना सांगतो, ते सगळ्या बायांना एका दिवशी बोलावतील. केवढी सोय! पण ज्याच्याकडून पोते येते त्याच्या समोर कोणती बाई मजुरी कमी आहे म्हणेल? म्हणून मुलाखती घरी, एकेकीशी, तिच्या सोयीच्या वेळी. नाव बदलायचे, फोटो नाही, आणि नाही म्हणण्याचा हक्क तिला आधीच सांगायचा. हे सगळे आराखड्यात लिहायचे असते. स्वतःची आई हेच काम करते, हेही लिहायचे. भाचीला ते लपवावेसे वाटत होते. मी म्हटले, लपवलेस तर दोष, सांगितलेस तर बळ. ज्या घरांचे दार इतरांना उघडत नाही ते तुला उघडते. पण आईच्या बाजूने झुकण्याचा धोकाही तुलाच आहे. म्हणून आईची मुलाखत नमुन्यात धरायची नाही.

वेळापत्रक बनवताना तिने छापील पुस्तकातला तक्ता उतरवला होता, ‘जानेवारी ते एप्रिल : क्षेत्रकार्य’. मिरचीचा हंगाम तोच, ते ठीक. पण रमजान? यंदा तो फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात आला, दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, २०२८ मध्ये जानेवारीअखेरीस येईल. रोजे, सहरी, इफ्तारची तयारी आणि त्यात सोलायची पोती. त्या महिन्यात बाईला दीड तास बसवणे जुलूम आहे. उलट त्याच महिन्यात कामाचे तास कसे बदलतात, हा वेगळा आणि महत्त्वाचा धागा निघाला. तिने तक्ता फाडून नवा केला.

आता घरातल्या मोठ्यांना विचारात पाडणाऱ्या दोन गोष्टी, वर्षे आणि पैसा. आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.ला कमीत कमी तीन वर्षे, जास्तीत जास्त सहा. महिलांना दोन वर्षांची सवलत आणि बाळंतपण व संगोपनासाठी एकूण कालावधीत एकदा २४० दिवसांपर्यंत रजा. हे मी तिच्या वडिलांना दोनदा वाचून दाखवले. रिश्ता आणि नोंदणी एकमेकांच्या आड येतातच असे नाही, एवढेच त्यांना सांगायचे होते.

पैशाचे मात्र अवघड झाले आहे. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठीची मौलाना आझाद फेलोशिप २०२२-२३ पासून बंद झाल्याचे केंद्र सरकारने त्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये संसदेत सांगितले, आणि आपल्या कित्येक मुलींचा हिशेब तिथेच कोलमडला. नेट परीक्षेतून जे.आर.एफ. मिळाली तर पहिली दोन वर्षे महिना ३७ हजार रुपये मिळतात. ती परीक्षा सोडू नये. बागवान, मोमीन यांसारख्या ज्या बिरादऱ्या राज्याच्या ओबीसी यादीत आहेत, त्यांच्या मुलांनी नागपुरातच मुख्यालय असलेल्या ‘महाज्योती’च्या जाहिरातींवर लक्ष ठेवावे. त्यासाठी जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमिलेअर लागते. हे कागद जाहिरात निघाल्यावर नाही, आजच काढायला घ्या. भाचीचा दाखला निघायला चार महिने गेले, त्यात आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला शोधण्यातच दीड महिना.

परत आलेल्या आराखड्याची लाज तिला बरेच दिवस होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा लंडनचा प्रबंध परीक्षकांनी दुरुस्तीसाठी परत पाठवला होता, हे मी सांगितले तेव्हा ती जरा मोकळी झाली. (त्यांनी काही महिन्यांतच दुरुस्त करून दिला. हिने घेतले नऊ.)

समितीपुढे मांडणी परवावर आली आहे. बारा पाने, दहा मिनिटे. काल संध्याकाळी तिने घरीच तालीम केली. ताई लसूण सोलत ऐकत होती, मी घड्याळ धरले होते. नऊ मिनिटांत संपले. वडील भिंतीला टेकून बसले होते, त्यांनी विचारले, “बेटा, मी तर माल किलोवर मोजतो. तू यांचे काम कशावर मोजणार?”

ती म्हणाली, “किलोवर, अब्बा. मजुरी किलोवरच मिळते.”

“मग पोते घरात आणायचे, पाखडायचे, सालपटे झाडायची, परत बांधून द्यायचे, ते कशात धरणार? त्याचे किलो होत नाहीत.”

ताईचे हात पहिल्यांदा थांबले. भाचीने पेन काढले आणि सातव्या पानावर ‘मोजणीची पद्धत’ या मथळ्याखाली लिहायला बसली. रात्री साडेअकराला तिचा फोन आला : पाने तेरा झाली आहेत, चालेल का?