धोंडो आणि स्टेन

माझे नाव धोंडो. एवढे साधे वाक्य छापून यायला मला जवळजवळ ऐंशी वर्षे लागली! कचेरीत मी सदैव ‘डी. के.’ होतो. लोकांनी त्याचे दिनकर केले आणि मीही ते मोडले नाही. धोंडो केशव कर्व्यांना १९५८ साली भारतरत्न मिळाले, आद्याक्षरेही तीच. पण शाळेत पोरे ‘धोंड्या’ म्हणून चिडवीत, तेव्हा ते काही उपयोगी पडले नाही.

परवा स्वीडनहून चिरंजीवांचा मुलुंडला फोन आला. मुलगा झाला! सून तिकडचीच. तिथे बाळाचे नाव तीन महिन्यांत कळवावे लागते, आणि तेही चक्क करखात्याला. सूनबाईंनी नावांची यादी अर्थासकट धाडली. ब्यॉर्न म्हणजे अस्वल, उल्फ म्हणजे लांडगा.

“नातवाचं नाव ठेवायचंय की राणीची बाग भरवायचीय?” आमची ही म्हणाली.

तिच्या माहेरी दोन नरसिंह आणि एक नागेश आहेत, हे मी तिच्या नजरेस आणले नाही.

यादीत शेवटी होते स्टेन. अर्थ : दगड. तिकडे हे नाव मानाचे. स्टेन स्टुरे नावाच्या स्वीडिश कारभाऱ्याने १४७१ साली स्टॉकहोमपाशी डेन्मार्कच्या राजाला हरविले होते. दगडासारखा भक्कम हो, असा त्यातला आशीर्वाद. सुनेच्या आजोबांचेही तेच नाव.

“बाबा, तुमचंही तेच झालं की!” मुलगा भीत भीत म्हणाला.

तेव्हा मी त्याला प्रथमच सांगितले. माझ्याआधीची आईची तीन मुले गेली होती. चौथ्याला गोंडस नाव ठेवायचा तिला धीर झाला नाही. दगडाकडे कोण वळून बघणार? दगडू, धोंडू, केरू ही नावे अशाच भेदरलेल्या घरांतली. फोनवर मुलगा बराच वेळ बोललाच नाही.

बारशाला बोरिवलीची आत्या आमच्याकडे आली आणि मोबाइलच्या पडद्याला तोंड लावून ‘कुर्रर्र’ करून ‘स्टेन’ म्हणाली. तिकडे बाळाने जांभई दिली.

आता पेच आमच्या हिचा आहे. पन्नास वर्षांत उखाण्याखेरीज तिने माझे नाव घेतलेले नाही. अर्थ एकच म्हटल्यावर नातवाला हाक मारावी की नाही? तूर्त ती त्याला ‘अहो बाळ’ म्हणते.