अपघातानंतरचा स्टॅम्पपेपर

देवणी-उदगीर रस्त्यावर असो की पलीकडे भालकीच्या हद्दीत, घरातला कमावता माणूस अपघातात गेला की तिसऱ्या-चौथ्या दिवशी ओट्यावर चार माणसे येऊन बसतात. त्यांत गाडीमालकाचा नातेवाईक असतो, गावातला एखादा वजनदार माणूस असतो आणि बहुधा आपल्याच वस्तीतलाही एक जण असतो. बोलणे मायेचे असते. "वहिनी, गेलेला माणूस परत येतो का? कोर्टाच्या पायऱ्या झिजवून काय मिळणार? हे पन्नास हजार घ्या, लेकरांना होतील." मग पिशवीतून स्टॅम्पपेपर निघतो. मजकूर कोणी वाचून दाखवत नाही, अंगठ्याची जागा मात्र दाखवतात.

त्या पन्नास हजारांत नेमके काय विकले जाते, ते आकड्यांतच पाहू.

समजा, गेलेला माणूस बत्तीस वर्षांचा, गवंड्याच्या हाताखाली काम करणारा. मागे बायको, दोन लेकरे आणि म्हातारी आई. हिशेबापुरती त्याची कमाई महिना दहा हजार धरू. सर्वोच्च न्यायालयाने 2009 आणि 2017 च्या निकालांत भरपाईचे जे गणित घालून दिले आहे, त्यानुसार चाळिशीच्या आतल्या, कायम नोकरी नसलेल्या माणसाच्या कमाईत पुढच्या वाढीपोटी चाळीस टक्के मिळवतात. झाले चौदा हजार. घरात खाणारी तोंडे चार, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा होतो. राहिले साडेदहा हजार, म्हणजे वर्षाचे एक लाख सव्वीस हजार. या वयाला सोळाने गुणायचे. रक्कम येते वीस लाख सोळा हजार. सहवास हरपल्याची भरपाई, अंत्यविधीचा खर्च आणि दाव्याच्या तारखेपासूनचे व्याज वेगळे.

प्रत्येक दाव्यात एवढे मिळतेच असे नाही. चूक मयताची निघाली किंवा कमाई कमी धरली गेली, तर आकडा उतरतो. तरी वीस लाखांच्या हक्कावर पन्नास हजारांत अंगठा का उमटतो? भूक हे कारण आहेच, पण आमच्या मते अज्ञान त्याहून मोठे आहे. आणि भीडही. ज्याच्या शेतात उद्या कामाला जायचे, त्याच्याच गाडीवर दावा कसा लावायचा, हा पेच खोटा नाही. पण गाडीचा विमा चालू असेल, परवाना आणि इतर कागद नीट असतील, तर पैसे मालकाच्या खिशातून जात नाहीत, विमा कंपनी भरते. त्यासाठीच तर तो हप्ता भरतो. हे मालकालाही समजावून सांगता येते. आणखी एक गोष्ट: हयगयीने मृत्यू घडवल्याचा गुन्हा आपसांत मिटवता येत नाही. स्टॅम्पपेपरवर काहीही लिहा, पोलिसांची केस चालूच राहते.

दुसरा स्टॅम्पपेपर जरा शहाणा असतो. तो विमा कंपनीकडून येतो. 1 एप्रिल 2022 पासून लागू झालेल्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीनुसार, चूक कोणाची हे न पाहता मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख मिळतात. पैसे लवकर मिळतात, घासाघीस नसते. पण इथे थांबून वाचा. कायद्यातल्या ठरल्या रीतीने हे पाच लाख एकदा स्वीकारले, की मोठ्या भरपाईचा दावा तिथेच संपतो. वरच्या गवंड्याच्या घरासाठी हा तोट्याचा सौदा आहे. चूक मयताचीच असेल किंवा साक्षीदारच नसेल, तर मात्र पाच लाख घेणे शहाणपणाचे. म्हणजे तडजोड वाईट नव्हे. ती न्यायाधिकरणापुढे किंवा लोकअदालतीत, आपला हिशेब आधी करून करावी. लोकअदालतीतल्या निवाड्यावर अपील नसते, म्हणून सही करण्यापूर्वी रात्रभर विचार करायला हरकत नाही.

आपली माणसे हैदराबाद-पुण्याला कामाला जातात आणि अपघात तिकडे झाला की घरचे हात टेकतात. तिकडे खेटे घालायची गरज नाही. अपघात जिथे झाला तिथे, गाडीमालक राहतो तिथे किंवा आपण राहतो तिथे, या तिन्हींपैकी कुठेही दावा लावता येतो. औरादला धडक बसली तरी दावा आपल्या लातूर जिल्ह्यात चालतो. मुदत मात्र आता सहा महिन्यांची आहे. दिवसकार्यात आणि रडण्यात दोन महिने असेच जातात.

वाहन सापडलेच नाही तर? अशा वेळी सरकारी योजनेतून मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर जखमेसाठी पन्नास हजार मिळतात. त्याची चौकशी महसूल खात्याचा अधिकारी करतो, म्हणून तहसील कार्यालयात विचारावे.

जखमी माणसाचा दावा मयतापेक्षा किचकट. दवाखान्याच्या दाखल्यावर साठ टक्के अपंगत्व लिहिले म्हणून कमाईही साठच टक्के बुडाली असे नसते. 2010 च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने हाच फरक सांगितला. हात गेलेला कारकून नोकरी टिकवू शकतो, सुताराची मात्र जवळजवळ सगळी कमाई जाते. त्यामुळे हा माणूस काय काम करत होता, हे सांगणारा साक्षीदार हवाच. मुकादम, दुकानदार, सोबतचा मजूर, कोणीही चालेल. घर सांभाळणाऱ्या बाईच्या श्रमालाही किंमत धरावी लागते, हे 2021 च्या निकालाने पुन्हा स्पष्ट केले. "ती काय कमवत होती?" असे कोणी विचारले तर गप्प बसू नका.

एलआयसीचे पैसे मिळाले म्हणून भरपाई कमी होत नाही. एसटी महामंडळाविरुद्धच्या एका दाव्यात 1998 सालीच सर्वोच्च न्यायालयाने तसे ठरवले आहे. आपल्या राज्यातला आणखी एक दावा लक्षात ठेवण्याजोगा आहे. ऑक्टोबर 1987 मध्ये सातारा जिल्ह्यात पुणे-बंगळूर महामार्गावर पेट्रोलचा टँकर ट्रकला धडकून उलटला. पेट्रोल गळत राहिले, आणि सुमारे चार तासांनी, लोक जमलेले असताना, स्फोट झाला. न्यायाधिकरणाने म्हटले, स्फोटाचा अपघाताशी संबंध नाही. पण मृताच्या घरच्यांनी हात टेकले नाहीत. उच्च न्यायालयाने आणि 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचीच बाजू धरली. त्या वेळी विनाचूक भरपाईची रक्कम होती अवघी पंधरा हजार.

एक कटू गोष्टही सांगितली पाहिजे. लग्नाला, धम्म मेळाव्याला आपण मालवाहू टेम्पोत किंवा ट्रॉलीत दाटीवाटीने बसून जातो. मालाच्या गाडीत नुसत्या बसून निघालेल्या प्रवाशाची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये ठरवले. काही प्रकरणांत कंपनीने आधी पैसे द्यावेत आणि मालकाकडून वसूल करावेत असे आदेश झाले आहेत, पण ते हमखास नाही.

वकिलाची फी परवडत नाही, ही अडचण आपल्या घरांत खरी आहे. अनुसूचित जातीच्या माणसाला आणि कोणत्याही बाईला, उत्पन्नाची अट न लावता, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. 1990 च्या दुरुस्तीपासून बौद्धांचाही त्या यादीत समावेश आहे, तेव्हा जातीचा दाखला काढून ठेवा. मिळणाऱ्या रकमेत टक्केवारी मागणाऱ्या वकिलाला सरळ नाही म्हणा, वकिलांच्या नियमांनुसार तशी फी घेता येत नाही. कोऱ्या कागदावर सही नको. बँकेचे खाते विधवेच्याच नावावर उघडा, दिराच्या नव्हे. लेकरांचा हिस्सा न्यायाधिकरण बहुधा मुदत ठेवीत टाकायला लावते. त्यावर घरात कुरकुर होते, होऊ द्या.

आणि पहिल्या आठवड्यात एवढे कागद एका पिशवीत जमवा: फिर्यादीची नक्कल, पंचनामा, शवविच्छेदन अहवाल किंवा जखमेचा दाखला, दवाखान्याची आणि औषधांची प्रत्येक पावती, गाडीचा नंबर आणि विम्याची झेरॉक्स, आधार, रेशनकार्ड, वयाचा पुरावा. पिशवी ट्रंकेत ठेवा, आणि ओट्यावर येणाऱ्यांना चहा द्या, पिशवी देऊ नका.