लंगोट की डायपर? आधी धुण्याचा हिशेब

अमेरिकेतल्या मराठी घरात बाळ यायचं असलं की बाळंतपणासाठी येणाऱ्या आजीच्या बॅगेत जुन्या सुती साड्यांची दुपटी आणि नाड्यांचे लंगोट असतातच. इकडे बाळाच्या खोलीत डायपरची खोकी आधीच येऊन पडलेली असतात. मग पहिल्या आठवड्यातच प्रश्न उभा राहतो: कापड वापरायचं की नाही? माझ्या मते हा निर्णय कापड पाहून करू नये. धुवायचं कुठे, वाळवायचं कुठे आणि आजी परत गेल्यावर ते सगळं करायचं कोणी, हे पाहून करावा.

आपला त्रिकोणी लंगोट मुळात शू धरून ठेवतच नाही. बाळ ओलं झालं की लगेच कळतं, जवळचं कोणीतरी तो बदलतं, फरशी पुसून घेतं आणि दुपारच्या उन्हात दोरीवर लंगोट वाळतो. ही पद्धत चालते ती घरात माणसं असतात, फरशी असते आणि ऊन असतं म्हणून. अमेरिकेतल्या अपार्टमेंटमध्ये खाली कार्पेट असतं, बाहेर पडायचं तर कार सीट असते आणि उत्तरेकडच्या राज्यांत कित्येक महिने थंडी असते. तिथे शू शोषून घेणं आणि ती बाहेर येऊ न देणं, ही दोन कामं करणारे दोन वेगळे थर लागतात. आजचे कापडी डायपर एवढ्याच तत्त्वावर बनतात.

आतला थर सुती, बांबूच्या किंवा हेंपच्या धाग्याचा असतो. ‘फ्लॅट’ म्हणजे एकेरी कापडाचा मोठा चौकोन. त्याच्या घड्या घालून बाळाला बांधतात, आणि आजीचं मऊ दुपटं हे काम उत्तम करतं. ‘प्रीफोल्ड’मध्ये मधला पट्टा आधीच जाड शिवलेला असतो. कोऱ्या सुती कापडात नैसर्गिक तेलाचा अंश असतो, म्हणून वापरण्याआधी ते चार-पाच वेळा धुवावं लागतं, तेव्हा कुठे ते नीट शोषू लागतं. आता सेफ्टी पिनेऐवजी स्नॅपी नावाची दात असलेली ताणपट्टी मिळते. वरून कव्हर चढवायचं. ते पॉलिएस्टरवर पॉलियुरेथेनचा पातळ थर चिकटवून केलेलं असतं. कव्हरला शी लागली नसेल तर ते पुसून पुन्हा वापरता येतं. ‘ऑल-इन-वन’मध्ये सगळे थर एकत्र शिवलेले असतात. घालायला ते सर्वांत सोपं, पण वाळायला सर्वांत उशीर लावणारं. ड्रायर नसेल त्यांनी ते घेऊ नये.

आता बाजारचे, म्हणजे एकदा वापरून टाकायचे डायपर. १९६१ साली प्रॉक्टर अँड गॅम्बलने पॅम्पर्स बाजारात आणलं. १९८० च्या दशकात अशा डायपरमध्ये सोडियम पॉलिअॅक्रिलेट आलं. ही पूड शू शोषून तिचा जेल करते, त्यामुळे त्वचेलगतचा थर बराच कोरडा राहतो. कापडाला हे जमत नाही. म्हणून कापडी डायपर दिवसा साधारण दर दोन तासांनी बदलावा लागतो. शी झाली तर डायपर कुठलाही असो, लगेच बदलायचा. शीतले जिवाणू शूमधल्या युरियापासून अमोनिया तयार करतात, त्वचेची आम्लता कमी होते, शीतले पाचक रस अधिक जोराने काम करू लागतात आणि कातडी सोलवटते. रॅशचं मूळ बहुतेक वेळा इथे असतं.

अगदी नवजात बाळाची गोष्ट थोडी निराळी आहे. पहिले दोन-तीन दिवस शी काळी, डांबरासारखी चिकट येते आणि कापडावरून ती सहज निघत नाही. नाळेचा तुकडा गळून पडायला एक ते तीन आठवडे लागतात. तोवर डायपर बेंबीच्या खाली दुमडावा लागतो. दिवसाला दहा-बारा डायपर लागतात, आणि आईचं अंग अजून भरून यायचं असतं. म्हणून पहिले दोन-तीन आठवडे बाजारचे डायपर वापरावेत आणि त्याबद्दल मनाला काही लावून घेऊ नये. मात्र मोजणी ठेवावी: पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत निदान सहा ओले डायपर व्हायला हवेत. त्याहून कमी झाले तर बाळाच्या डॉक्टरांना लगेच कळवावं.

आता धुणं. आपल्याकडे लंगोट बादलीत भिजत टाकतात. ती सवय इथे सोडा. रांगतं मूल बादलीतल्या थोड्या पाण्यातही बुडू शकतं. झाकणाच्या डब्यात किंवा वॉटरप्रूफ पिशवीत कोरडेच साठवा आणि एक दिवसाआड धुवा. त्यासाठी लहान बाळाला चोवीस ते छत्तीस डायपर पुरतात. फक्त आईच्या दुधावरच्या बाळाची शी पाण्यात विरघळते, ती लागलेले डायपर सरळ मशीनमध्ये गेले तरी चालतात. वरचं अन्न सुरू झालं की शी आधी टॉयलेटमध्ये टाकायची. मशीनमध्ये आधी एक छोटी धुलाई, मग पुरेशी साबण पावडर घालून गरम पाण्याची मोठी धुलाई. फॅब्रिक सॉफ्टनर घालू नका, त्याचा थर धाग्यावर बसतो आणि कापड शोषेनासं होतं. डेटॉलसारखं काही घालायचीही गरज नसते. एक बारकावा इथे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. युरोपातली यंत्रं पाणी स्वतः तापवतात, तर अमेरिकेतली बरीचशी यंत्रं घरच्या हीटरचंच पाणी घेतात. भाजू नये म्हणून हा हीटर १२० अंश फॅरनहाइटवर, म्हणजे ४९ सेल्सियसवर ठेवायचा सल्ला असतो. त्यामुळे ‘हॉट’चं बटण दाबलं तरी पाणी उकळतं नसतं, आणि साबणात काटकसर केली की वास राहतो.

वाळवण्याचा प्रश्न याहून अवघड आहे. अनेक वसाहतींत बाहेर कपडे वाळत घालायला बंदी असते. कॅलिफोर्नियाने २०१५ साली कायदा करून दोरीला आणि स्टँडला संरक्षण दिलं. फ्लोरिडातही तसा कायदा आहे. बाकी ठिकाणी भाडेकरार वाचावा. पर्यावरणासाठी कापड निवडत असाल तर वाळवण्याचा हा मुद्दा निर्णायक आहे. ब्रिटनच्या एन्व्हायर्न्मेंट एजन्सीने २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अडीच वर्षांच्या वापराचा कार्बनभार बाजारच्या डायपरचा सुमारे ५५० किलो आणि कापडी डायपरचा सुमारे ५७० किलो निघाला होता. मात्र मशीन पूर्ण भरून धुतलं, बाहेर वाळवलं आणि तेच कापड दुसऱ्या बाळालाही वापरलं तर कापडाचा भार सुमारे ४० टक्क्यांनी उतरत होता. कचरा मात्र नक्कीच वाचतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या मोजणीनुसार २०१८ साली देशाच्या घनकचऱ्यात ४१ लाख टन डायपर होते.

पैशाचं थोडक्यात सांगते. नॅशनल डायपर बँक नेटवर्कच्या अंदाजाने एका बाळाच्या बाजारच्या डायपरना महिन्याला ८० ते १०० डॉलर लागतात. मशीन घरात असेल तर कापड स्वस्त पडतं. प्रत्येक धुलाईला नाणी टाकायची असतील तर बचत बरीच घटते, आणि इमारतीच्या मशीनमध्ये डायपर धुवायला परवानगी आहे का, हेही विचारावं लागतं.

शेवटचा अडसर पाळणाघराचा. नोकरदार आई-बाबांना केंद्रीय कायद्याने मिळणारी रजा बारा आठवड्यांची, तीही बिनपगारी आणि सगळ्यांना लागू नसलेली. त्यानंतर बाळ दिवसभर डेकेअरमध्ये. ‘केअरिंग फॉर अवर चिल्ड्रन’ या देशभर वापरल्या जाणाऱ्या मार्गदर्शक मानकांत कापडाला मनाई नाही. अट अशी की आतलं कापड वॉटरप्रूफ कव्हरमध्ये पूर्ण झाकलेलं असावं, दोन्ही एकत्र बदलावीत आणि भरलेला डायपर तिथे न खंगाळता पिशवीत घालून घरी द्यावा. तरीही बरीच डेकेअर नाही म्हणतात. दिवसा बाजारचे आणि घरी कापडी, अशी वाटणी करायला काहीच हरकत नाही.

आणि आजीची दुपटी? ती डायपर म्हणून किंवा अंगाखाली घेऊन खेळवायला वापरा, पण झोपलेल्या बाळाच्या क्रिबमध्ये सुटं दुपटं किंवा गोधडी ठेवू नका.

सुरुवातीला डझनभर फ्लॅट आणि तीन कव्हरं एवढंच घ्या. पूर्ण संच लगेच विकत घेऊ नका. आजी परत जाण्याआधीचे पंधरा दिवस धुणं-वाळवणं आई-बाबांनी पूर्णपणे आपल्याकडे घ्यावं आणि आजीने फक्त बाळ सांभाळावं. ते पंधरा दिवस निभावले तर उरलेले डायपर घ्या. नाही निभावले तर कापड घरच्या सुट्टीच्या दिवसांपुरतं ठेवा.