पेटीतली झबली आणि बाळाची कावीळ

सहा दिवसांच्या मुलाला घेऊन त्याची आई आणि आजी सकाळीच जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू विभागात आल्या. बाळ पूर्ण दिवसांचे, जन्माचे वजन २ किलो ९०० ग्रॅम, बाळंतपण सुखरूप. तिसऱ्या दिवशी घरी गेले तेव्हा चेहऱ्यावर बहुतेक नवजात बाळांना असते तेवढीच हलकी पिवळी झाक होती. आता मात्र बाळ तळहात-तळपायांपर्यंत पिवळे झाले होते. दूध ओढत नव्हते. टाचेला टिचक्या मारल्या तरी जेमतेम कण्हत होते. रक्तातील बिलिरुबिन २६ मिलिग्रॅमवर गेलेले, आणि या वयात १५-१६ च्या आसपास असायला हवे ते हिमोग्लोबिन ९ वर आलेले. म्हणजे बाळाच्या लाल रक्तपेशी झपाट्याने फुटत होत्या. का, ते मात्र कळत नव्हते. आई आणि बाळ दोघांचाही रक्तगट बी पॉझिटिव्ह, त्यामुळे गट न जुळण्याचा प्रश्न नव्हता. जंतुसंसर्गाची खूणही नव्हती.

तपासणीसाठी बाळाचे दुपटे सोडताना डॉक्टरांना एक ओळखीचा उग्र वास आला.

“आजी, हे कपडे कुठं ठेवले होते?”

“पेटीत. याच्या बापाचीच झबली आहेत, जपून ठेवली होती. बाळाला पहिल्यांदा जुनंच घालायचं असतं ना?”

“आणि पेटीत कपड्यांबरोबर काय ठेवता?”

“डांबर गोळ्या. दर दिवाळीला नव्या टाकते.”

निदानाचा धागा तिथे सापडला. असे बाळ वर्षातून एखादे तरी दिसते, आणि प्रत्येक वेळी घरच्यांना धक्का बसतो. ज्या कपड्यांत सगळ्यात जास्त माया होती, तेच बाळाला बाधले होते.

डांबर गोळी काय करते?

पांढऱ्या डांबर गोळ्यांमध्ये बहुतेक वेळा नॅफ्थलीन नावाचा पदार्थ असतो. तो घन अवस्थेतून थेट वाफ होऊन हवेत जातो. म्हणूनच पेटीतली गोळी महिन्यागणिक लहान होत जाते. ती वाफ बंद पेटीत कपड्यांच्या धाग्याधाग्यांत जाऊन बसते. ते कपडे बाळाला घातले की वाफ श्वासातून आणि कातडीतून अंगात शिरते. नॅफ्थलीन तेलात सहज विरघळते, त्यामुळे तेल लावून मालीश केलेल्या अंगावर असा कपडा चढला तर ते आणखी लवकर शोषले जाते. आपल्याकडे न्हाणे झाले की बाळाला तेलकट अंगानेच दुपट्यात गुंडाळतात, हे इथे लक्षात घ्यायला हवे.

शरीरात गेल्यावर नॅफ्थलीनपासून जे पदार्थ तयार होतात, ते लाल रक्तपेशींवर हल्ला करतात. या हल्ल्यापासून पेशींना वाचवणारे एक विकर आपल्या प्रत्येकाच्या रक्तात असते. त्याचे नाव जी-सिक्स-पीडी. काहींच्या शरीरात ते जन्मतःच कमी असते. हा दोष एक्स गुणसूत्रावरून येतो, म्हणून मुलग्यांमध्ये जास्त दिसतो. जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता अशा प्रदेशांतील लोकांमध्ये तो अधिक आढळतो, आणि भारत त्यांत येतो. एरवी अशा माणसाला आयुष्यभर काही त्रास होत नाही. पण काही औषधे किंवा नॅफ्थलीन अंगात गेले की पेशी भराभर फुटू लागतात.

ही गोष्ट नवीन नाही. १९६३ मध्ये ग्रीसमधील डॉक्टरांनी अशाच २१ नवजात बाळांची नोंद प्रसिद्ध केली होती. नॅफ्थलीनची वाफ श्वासातून जाऊन त्यांच्या रक्तपेशी फुटल्या होत्या. त्यांतल्या सगळ्याच बाळांमध्ये या विकराची कमतरता नव्हती. म्हणजे ‘आमच्या घराण्यात असा दोष नाही’ असे म्हणून निर्धास्त राहता येत नाही. नवजात बाळाचे यकृतच अजून कच्चे असते. फुटलेल्या पेशींतून निघणारे बिलिरुबिन ते पुरेशा वेगाने बाहेर टाकू शकत नाही. ते फार साठले की मेंदूत उतरते. त्यातून वाचलेल्या मुलाला कायमचा बहिरेपणा येऊ शकतो, हातापायांच्या हालचाली कायमच्या बिघडू शकतात.

त्या बाळाचे रक्त बदलावे लागले. शिरेतून त्याचे रक्त थोडे थोडे काढायचे आणि तेवढेच दात्याचे रक्त आत सोडायचे, असे दोनेक तास चालले. पुढचे तीन दिवस बाळ निळ्या दिव्यांखाली होते. आजी बाहेर बाकावर बसून एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, “माझ्याच हातानं झालं.”

जुने कपडे चांगलेच

आजींना डॉक्टरांनी जे सांगितले, ते सगळ्यांनीच ऐकण्यासारखे आहे. जुने कपडे घालण्याची पद्धत चुकीची नाही. उलट, शास्त्राच्या कसोटीवर ती चांगलीच उतरते. अनेकदा धुतलेले सुती कापड मऊ झालेले असते, त्यातली खळ आणि जादा रंग निघून गेलेला असतो, ते घाम शोषते. आजीच्या नऊवारीचे दुपटे किंवा पंचाचे लंगोट याहून बाळाच्या कातडीला मानवणारे दुसरे काही क्वचितच मिळेल. दोष होता तो गोळ्यांचा.

मुळात स्वच्छ सुती कपड्यांना डांबर गोळ्यांची गरजच नसते. कसर लागते ती मुख्यतः लोकर-रेशमाला, खळ असलेल्या किंवा मळलेल्या कपड्यांना. दुधाचे, तेलाचे डाग राहू न देता धुतलेली, कडक उन्हात पूर्ण वाळवलेली झबली घट्ट झाकणाच्या डब्यात किंवा बंद पिशवीत ठेवली तर वर्षानुवर्षे टिकतात. पावसाळ्यानंतर एकदा उन्हे दाखवली की झाले.

पेटीतून काढलेल्या कपड्यांना गोळ्यांचा वास येत असेल तर नुसते धुऊन भागत नाही, कारण नॅफ्थलीन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. असे कपडे बाळ येण्याच्या कितीतरी आधी काढून, धुऊन, अनेक दिवस उघड्या हवेत आणि उन्हात टाकावेत. तरी वास राहिला तर ते बाळासाठी वापरू नयेत. हाच नियम पेटीतल्या गोधड्या, शाली, लोकरी टोपडी आणि आईच्या ठेवणीतल्या साड्यांनाही लागू आहे. बाळ दिवसभर आईला बिलगून असते, हे विसरू नये. बाजारातल्या सगळ्याच गोळ्या नॅफ्थलीनच्या नसतात. काही वेगळ्या रसायनाच्याही असतात. पण सुट्या विकत घेतलेल्या गोळीवर काहीच लिहिलेले नसते. त्यामुळे बाळ असलेल्या घरात कुठलीच गोळी नको, अगदी मोरीत आणि बेसिनमध्येही नको. रांगणारे मूल ती खडीसाखर समजून तोंडात घालते.

ऊब किती आणि कशी?

बाळाच्या कपड्यांचे पहिले काम म्हणजे शरीराचे तापमान राखणे. नवजात बाळाच्या काखेतले तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस असायला हवे. वजनाच्या मानाने त्याच्या कातडीचा विस्तार मोठा असतो आणि त्याला मोठ्या माणसासारखे कुडकुडून ऊब निर्माण करता येत नाही. म्हणून पहिल्या दिवसांत, विशेषतः अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाला, टोपडे, मोजे आणि अंगभर कपडे लागतात. पहिली अंघोळ निदान २४ तास पुढे ढकलावी, हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्लाही याच कारणासाठी आहे.

किती कपडे, याचा सोपा हिशेब असा: आपल्याला जेवढे पुरतात, त्यावर एक थर जास्त. थंडीत एक जाड कपडा घालण्याऐवजी दोन-तीन पातळ थर घालावेत. लोकर थेट अंगाला लावू नये, आत सुती झबले असावे. बाळ गार पडले का, हे पाहायला थर्मामीटर नसला तरी चालते. हाताची पाठ आधी बाळाच्या पोटाला आणि मग तळपायाला लावावी. दोन्ही कोमट असतील तर ठीक. पोट कोमट आणि पाय गार असतील तर बाळाला थंडी वाजते आहे. दोन्ही गार असतील तर ते धोक्यात आहे. अशा बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घालावे आणि तसेच रुग्णालयात आणावे.

शेगडीची ऊब मात्र नको. बंद खोलीत कोळशाच्या शेगडीतून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साठतो, आणि एक ठिणगी दुपट्यावर पडायला वेळ लागत नाही. नायलॉन, पॉलिस्टरसारखा कपडा तर वितळून कातडीला चिकटतो.

याच्या उलट चूक उन्हाळ्यात होते. मे महिन्यात, ४२ अंशांत, टोपडे-मोजे घालून दोन दुपट्यांत गुंडाळलेले बाळ ‘ताप आला’ म्हणून आणले जाते. कपडे सैल केले, वारा मिळाला आणि आईचे दूध वरचेवर पाजले की बऱ्याचदा तासाभरात अंग निवते. निवले नाही तर ताप जंतुसंसर्गाचा असू शकतो. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा ताप घरी बघत बसू नये. मानेला घाम, लाल चेहरा, घामोळे ही कपडे जास्त झाल्याची चिन्हे आहेत.

निवडताना, धुताना

झबले पुढून उघडणारे, बंदाचे असावे. डोक्यातून घालायचे कपडे मान धरेपर्यंत त्रासाचे होतात. सेफ्टी पिना, टिकल्या, मणी, लांब नाड्या नकोत. मोजे-हातमोजे घालण्यापूर्वी उलटे करून पाहावेत. आतला सुटा धागा किंवा आईचा लांब केस बाळाच्या बोटाभोवती गुंडाळला जाऊन बोटाचा रक्तपुरवठा तोडू शकतो. बाळ कारण न कळता किंचाळून रडत असेल तर एकदा सगळे कपडे काढून हातापायांची बोटे पाहावीत.

दुपट्यात गुंडाळताना पाय सरळ ताणून घट्ट बांधू नयेत, त्याने खुब्याचा सांधा निसटू शकतो. छाती-हातांभोवती बेताने आणि पायांकडे सैल असे गुंडाळावे. बाळ कुशीवर वळू लागले की गुंडाळणे बंद. झोपताना पांघरूण तोंडावर येणार नाही इतके खाली असावे.

नवे कपडे न धुता घालू नयेत. त्यांत खळ आणि कापडाला चकाकी देणारी रसायने असतात. बारशाला आलेली सोनेरी जरीची कुंची फोटोपुरती ठीक. कपडे सौम्य साबणाने धुवावेत आणि साबण पूर्ण निघेपर्यंत दोन-तीनदा स्वच्छ पाण्यातून काढावेत. पुरळ बऱ्याचदा राहिलेल्या साबणानेच उठते. निर्जंतुक करणारी औषधे रोज घालायची गरज नसते, ऊन पुरेसे असते. पावसाळ्यात कपडे ओलसर राहिले तर इस्त्री फिरवावी.

लंगोट असो की डायपर, ओला झाला की लगेच बदलणे हाच पुरळावरचा सगळ्यात चांगला उपाय. पावडर लावू नये, ती बाळाच्या श्वासात जाते. लंगोट धुण्याआधी एकदा बघायची सवयही ठेवावी. पहिल्या आठवड्यानंतर दिवसाला सहा-सात वेळा लंगोट ओला होत असेल तर दूध पुरते आहे. नवजात बाळाची लघवी जवळजवळ पाण्यासारखी असते. तिचे गडद पिवळे किंवा तपकिरी डाग कापडावर पडू लागले, किंवा शी पांढुरकी, मातीच्या रंगाची होऊ लागली, तर यकृताची तपासणी ताबडतोब व्हायला हवी. पित्तनलिका बंद असण्याच्या आजारात शस्त्रक्रिया दोन महिन्यांच्या आत झाली तर तिचा उपयोग सर्वाधिक होतो.

आणि कावीळ? जन्मल्यापासून २४ तासांच्या आत दिसलेली, तळहात-तळपायांपर्यंत पोचलेली, किंवा बाळ सुस्त होऊन दूध सोडत असताना दिसलेली कावीळ कोवळ्या उन्हात धरून उतरत नाही. तिथे एकेक तास मोलाचा असतो.

ते बाळ आता तीन महिन्यांचे झाले आहे. श्रवणाची तपासणी व्यवस्थित आली. जी-सिक्स-पीडीची चाचणी आता केली, कारण पेशी फुटत असताना आणि रक्त बदलल्यावर ती फसवी येऊ शकते. कमतरता असल्याचे निघाले. कोणती औषधे टाळायची याची यादी आईच्या फाइलला लावून दिली आहे, आणि यापुढे प्रत्येक डॉक्टरला ती दाखवायची आहे. तपासणीला आजी बरोबर होत्या. बाळाच्या अंगात त्याच्या वडिलांचेच, धुऊन-धुऊन विरलेले झबले होते.

“महिनाभर उन्हात होतं,” त्या म्हणाल्या, “आणि पेटी घासून पुसून उघडी ठेवली आहे. वास घेऊन बघा हवं तर.”

डॉक्टरांनी खरोखरच वास घेतला. झबल्याला साबणाचा आणि दुधाचा वास होता.